कोंबडखतासाठी जुना स्किड स्टीअर : खरेदीपासून पहिल्या शेडपर्यंत

७ ऑगस्ट २०२५

श्रावणामुळे पोल्ट्री कंपनीने पिल्लं टाकणं पुढे ढकललंय. दोन्ही शेड रिकाम्या, आणि खाली खताचा थर तसाच. दरवर्षी याच सुमाराला अडतं. दिंडोरी-पिंपळगावकडे टोमॅटो सुरू झाला की मजूर तिकडे जातात. अमोनियाच्या वासात फावडं-घमेलं घेऊन उभं राहायला कोणी येत नाही, आणि का यावं? इकडे मोहाडी-जानोरीचे द्राक्ष बागायतदार गोडी छाटणीच्या (फळासाठीच्या छाटणीच्या) आत खत पाहिजे म्हणून फोन करतायत.

जेसीबी आत जात नाही. शेडची बाजूची उंची आठ फूट, मधे खांबांच्या दोन ओळी. पुढे लोडर लावलेला ट्रॅक्टर जातो, पण खांबांमधून मागेपुढे करण्यातच निम्मा दिवस जातो. जागच्या जागी फिरेल असंच काहीतरी लागणार. नानांना (चुलते, शेडमध्ये निम्मे भागीदार) म्हटलं, जुना बॉबकॅट, म्हणजे त्या कंपनीचा छोटा स्किड स्टीअर लोडर, बघू या. नानांचा पहिला प्रश्न: "त्याला स्टिअरिंग कुठंय?"

प्रश्न रास्त आहे. स्टिअरिंग नाहीच. पुढची चाकं वळत नाहीत, मागचीही नाहीत. डावीकडची दोन चाकं एका जोडीत, उजवीकडची दोन दुसऱ्या जोडीत. एक बाजू जोरात आणि दुसरी हळू चालवली की मशीन घसटत वळतं. एक पुढे आणि दुसरी मागे फिरवली की जागेवर गिरकी घेतं. गंमत म्हणजे याचा जन्मच पक्ष्यांच्या शेडसाठी झालेला. अमेरिकेत मिनेसोटातल्या रॉथसे गावात सिरिल आणि लुई केलर या भावांनी १९५७ मध्ये एका टर्की पाळणाऱ्यासाठी पहिलं मशीन बनवलं, कारण त्याच्या दुमजली शेडमध्ये खांब होते आणि वरच्या मजल्याला जड ट्रॅक्टर पेलत नव्हता. ते तीन चाकी होतं. चार चाकी रूप मेलरो कंपनीने १९६० मध्ये आणलं, आणि १९६२ मध्ये त्याला बॉबकॅट हे नाव मिळालं.

१३ ऑगस्ट

जाहिराती पाहून डोकं भणभणलं. प्रत्येक जण मशीन चाललेले तास सांगतो, मॉडेल सांगतो, टायर नवे म्हणतो. कंट्रोल कुठले, हे विचारलं की समोरचा गप्प. "सगळे सारखेच असतात भाऊ." नसतात. आपल्याकडे मशीन चालवणार संतोष, आणि त्याचे हात-पाय ट्रॅक्टरवर तयार झालेत. म्हणून आधी हेच नीट लिहून ठेवतो.

जुन्या बॉबकॅटमध्ये बहुतेक वेळा दोन लिव्हर आणि दोन पेडल असतात. लिव्हर फक्त चालवायला: डावी लिव्हर डाव्या चाकांची, उजवी उजव्या चाकांची. पुढे ढकलली की पुढे, ओढली की मागे. काम करतात पाय. डाव्या पेडलवर टाच दाबली की बूम (बकेट उचलणारे लोखंडी हात) वर, चवडा दाबला की खाली. उजव्या पेडलवर टाच दाबली की बकेट मागे गुंडाळते, चवडा दाबला की पुढे ओतते. डावं पेडल चवड्याने पार पुढेपर्यंत दाबलं तर ते तिथेच अडकून राहतं. त्याला फ्लोट म्हणतात. बूम मोकळी सुटते आणि बकेट जमिनीच्या चढउताराप्रमाणे खालीवर होत जाते. जमीन खरवडायला उत्तम, बाकी वेळी धोक्याचं.

दुसरा प्रकार जॉयस्टिकचा. त्यात दोन पद्धती आहेत. एच पद्धतीत चालवणं वरच्यासारखंच, डावा हात डावी चाकं आणि उजवा हात उजवी. शिवाय डावी जॉयस्टिक डावीकडे झुकवली की बूम वर आणि उजवीकडे झुकवली की खाली. उजवी डावीकडे झुकवली की बकेट गुंडाळते, उजवीकडे झुकवली की ओतते. आयएसओ पद्धतीत चालवणं आणि वळवणं सगळं डाव्या हातात. उजवा हात बूम-बकेटचा: मागे ओढलं की वर, पुढे ढकललं की खाली. जेसीबीच्या पुढच्या लोडरवर हात बसलेल्याला हे लवकर जमतं. काही मशीनवर बटन दाबून पद्धत बदलता येते, आणि तिथेच घोळ होतो. सकाळी एकाने बदललं, दुपारी दुसरा बसला आणि मशीन भलतीकडे गेलं.

माझं मत: आपल्याला पेडलवालं चालेल, कारण स्वस्त आहे आणि त्यात वायरिंग कमी. अमोनियात वायरिंगचे जोड हिरवे पडतात, हे पंख्यांच्या बाबतीत रोज बघतोय.

जेसीबीचं स्किड स्टीअर एका ठिकाणी पाहिलं. त्याला एकाच बाजूला बूम आणि शेजारी दार. त्यामुळे बकेटवरून चढून आत जावं लागत नाही. हे मनापासून आवडलं. किंमत नाही आवडली.

१७ ऑगस्ट

आग्रा रोडला आडगावच्या पुढे एका यार्डात बॉबकॅट पाहिला. रंग ताजा, टायर काळेभोर, सीटवर प्लास्टिक. यार्डवाल्याने स्वतः बसून बूम वरखाली करून दाखवली. मी म्हटलं, आता सीट बार वर करून दाखवा.

सीट बार म्हणजे बसल्यावर पोटापुढे खाली येणारा दांडा. तो नुसता आधार नाही, कुलूप आहे. बार खाली असेल, इंजिन चालू असेल आणि पॅनलवरचं बटन दाबलेलं असेल, तरच हायड्रॉलिक सुटतं. बार वर केला की बूम, बकेट आणि चाकं, तिन्ही अडली पाहिजेत. या मशीनमध्ये यायला-जायला वाट समोरूनच, बूमच्या मधून. उतरताना पाय चुकून पेडलवर पडला आणि कुलूप नसेल, तर बूम माणसावरच येते.

त्याने बार वर केला, टाच दाबली, बूम झुळझुळ वर गेली. खाली वाकून पाहिलं तर बारच्या सेन्सरपाशी चुंबकाचा तुकडा चिकटपट्टीने गुंडाळलेला. बार खालीच आहे असं बिचाऱ्या मशीनला कायमचं वाटतंय. "ड्रायव्हरला सारखं चढउतर करावं लागतं ना शेठ, त्रास नको म्हणून."

निघालो. सेन्सर फार महाग नाही, बदलता येतो. पण ज्याने जीव वाचवणारी गोष्ट अशी गुंडाळली, त्याने तेल कधी बदललं असेल?

२४ ऑगस्ट

पोळा झाला. आज सिन्नरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या आवारातलं मशीन पाहिलं. बॉबकॅट एस १३०, लिव्हर-पेडलवालं, मीटरवर तीन हजारांच्या वर तास. रंग उडालेला, बकेटची धार खाल्लेली, पण पेडलखालची जागा झाडून साफ ठेवलेली. हे बघून बरं वाटलं. पेडलखाली माती बसली की पेडल पूर्ण दबत नाही, किंवा दबलं तर परत येत नाही.

नाशिकच्या द्वारकेजवळ गॅरेज असलेले एक ओळखीचे मिस्तरी सोबत नेले होते. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी इंजिनाला हात लावण्याआधी सीटवर बसून अर्धा तास फक्त कंट्रोल हलवले. त्यांचं म्हणणं असं की या मशीनचं दुखणं लिव्हरमधून हाताला कळतं, बॉनेट उघडायची गरज नंतर. ते काय करत होते ते पाठोपाठ विचारत लिहून घेतलं.

बार वर केल्यावर तिन्ही गोष्टी अडल्या. चाकं तर खटकन अडली. बार खाली, बटन, पुन्हा सुरू. पहिली परीक्षा पास.

मग लिव्हर मधे सोडल्या. मशीन उभं राहायला हवं होतं, पण ते डावीकडून हळूहळू पुढे सरकत होतं. चाचा म्हणाले, पंप गेलेला नाही, लिव्हरपासून पंपापर्यंतच्या जोडणीत खेळ पडलाय, मध्य बिंदू हलला आहे. दुरुस्ती थोडक्यात होते. तरी भावात धरायचं.

तेल गरम होईपर्यंत मैदानात फिरवलं. यावर ते अडूनच बसले. थंड तेल घट्ट असतं, त्यात झिजलेला पंपही जोर दाखवतो. गरम झाल्यावर बकेट मातीच्या ढिगात घालून दोन्ही लिव्हर पुढे. दोन्ही बाजूंची चाकं जागेवर घसरून फिरली, इंजिन दबलं पण बंद पडलं नाही. एकच बाजू फिरली असती तर दुसऱ्या बाजूचा पंप किंवा मोटर संशयात. या मशीनला गिअर नाहीत, क्लच नाही. इंजिन दोन पंप फिरवतं, पंप दोन मोटरना तेल देतात, आणि मोटरपासून चाकांपर्यंत तेलात बुडालेल्या साखळ्या. म्हणून खर्च निघाला तर तो पंप, मोटर किंवा साखळीतच निघतो, आणि मोठा निघतो.

साखळीसाठी चाक उचलून हाताने पुढेमागे हलवलं. थोडा खेळ, चालण्याजोगा. चाक आडवं डुलवलं तेव्हा मात्र मागच्या उजव्या चाकाच्या बेअरिंगने आवाज दिला. टायर १०-१६.५ चे, चारही एकाच झिजेचे. हे मुद्दाम बघायचं असतं. एका बाजूची दोन्ही चाकं साखळीने बांधलेली असल्यामुळे एक टायर नवा मोठा आणि दुसरा झिजलेला लहान असला, तर ती ओढाताण साखळीवर पडते.

शेवटी बकेट जमिनीवर टेकवून डाव्या पेडलवर चवडा, पुढची चाकं अधांतरी होईपर्यंत. त्या क्षणी बूमच्या पिनांकडे बघायचं: किती उसळी घेतात. खालच्या दोन पिना ढिल्या. बुश बदलावे लागतील.

नाना इतका वेळ सावलीत उभे होते. म्हणाले, "हे घे. ह्याला लपवायला काही नाही."

३० ऑगस्ट

गणपती बसल्यामुळे दोन दिवस कोणी भेटेना. आज व्यवहार झाला. मागितले साडेआठ लाख, ठरले पावणेआठ. सरकणारी चाल, बेअरिंग आणि बुश ही तीन कारणं कागदावर लिहून समोर ठेवली होती, त्यामुळे घासाघीस फार झाली नाही.

कागद: नोंदणी एमएच १५ चीच, म्हणून दुसऱ्या आरटीओची एनओसी लागली नाही. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्या. मशीनवर पूर्वी कर्ज होतं, ते फिटल्याचा फॉर्म ३५ आणि फायनान्सवाल्यांचं पत्र हातात येईपर्यंत मी शेवटचा हप्ता दिला नाही. चासी नंबर प्लेटवरून मोबाइलमध्ये फोटो काढून आरसीशी ताडला. विक्रेत्याकडे मूळ ऑपरेटर मॅन्युअल होतं, तेलाच्या डागांनी भरलेलं. माझ्या मते दहा हजारांची वस्तू फुकट मिळाली.

लो-बेड ट्रॉलीवरून आणलं. वजन अडीच टनाच्या आत, तरी ट्रॉलीवर चढवायची फळी मजबूत पाहिजे.

४ सप्टेंबर

चाचांनी जोडणीचा मध्य बसवला. आता लिव्हर सोडल्या की मशीन उभं राहतं. बेअरिंग आणि बुश नवे. अंबडमधून एक हायड्रॉलिक होज (तेलाची नळी) प्रेस करून आणला, जुन्याच्या बाहेरचं रबर फुगलं होतं. इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइल, सगळे फिल्टर.

बूमखाली काम करताना बूमला लोखंडी आधार लावायचा असतो, तो मशीनवरच असतो. चाचांच्या पोराने आधार न लावता आत डोकं घातलं, तेव्हा म्हाताऱ्याने ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

इंजिन बंद पडलं आणि बूम वरच राहिली तर? केबिनमध्ये त्यासाठी एक नॉब आहे. पाव वळसा उजवीकडे फिरवून वर ओढून धरायचा, बूम हळूहळू खाली येते. संतोषला हे पहिल्याच दिवशी दाखवलं. वर राहिलेल्या बूमखालून सरपटत बाहेर येणारे ड्रायव्हर मी पाहिलेत.

९ सप्टेंबर

संतोषचं शिक्षण. मोकळ्या खळ्यावर, रिकामी बकेट, इंजिन कमी वेगावर.

चालवणं त्याने तासाभरात धरलं. लिव्हर बोटभरच हलवायच्या, हे मात्र पटायला वेळ लागला. ट्रॅक्टरवाल्याला झटका द्यायची सवय, आणि इथे झटका दिला की मशीन घोड्यासारखं मागच्या चाकांवर उभं राहू पाहतं. बकेट रिकामी असताना वजनाचा मोठा भाग मागे असतो, त्यामुळे पुढचं टोक हलकं.

खरी अडचण पायांची निघाली. कुंपणाजवळ जाताना मी "थांब" ओरडलो. संतोषने वर्षानुवर्षांच्या सवयीने दोन्ही पाय दाबले, डावा क्लचवर आणि उजवा ब्रेकवर. फक्त इथे ते क्लच-ब्रेक नाहीत. डाव्या चवड्याने बूम खाली आपटली, उजव्या चवड्याने बकेट उलटी झाली, आणि मशीन चालतच राहिलं. बकेटची धार जमिनीत घुसली म्हणून थांबलं. संतोष पांढरा पडला. "दादा, ब्रेक कुठंय याला?"

पायाचा ब्रेक नाहीच. लिव्हर मधे आणल्या की पंप तेल देणं बंद करतो आणि चाकं आपोआप धरली जातात. थांबायचं हातांनी. मला वाटतं, ट्रॅक्टर ड्रायव्हरला या मशीनवर बसवणाऱ्या प्रत्येकाने भरल्या बकेटने शिकवण्याआधी एवढंच घोटून घ्यावं: घाबरलास तर हात मधे आण, पाय उचल.

त्यावर उपाय म्हणून एक खेळ लावला. मी अचानक हात वर करायचा, त्याने लिव्हर मधे आणून दोन्ही पाय पेडलवरून उचलायचे. नाना खुर्ची टाकून बसले आणि मधेच हात वर करू लागले. संध्याकाळपर्यंत पाय उचलले जाऊ लागले.

११ सप्टेंबर

रिकामी भांडी खांबांसारखी मांडून आठचा आकडा काढायला लावला. वळताना बकेट घोट्याएवढ्या उंचीवर. जास्त उचललेली बकेट घेऊन वळणं म्हणजे उलटायला आमंत्रण.

जागेवर गिरकी मुरमाच्या खळ्यावर छान होते, पण टायर खरवडून खड्डा पडतो. शेडच्या कोब्यावर टायर झिजेल. संतोषला सांगितलं, जागा असेल तिथे एक बाजू हळू ठेवून गोल वळण घे, गिरकी फक्त खांबापाशी.

१९ सप्टेंबर

पहिली शेड. आदल्या दिवशीपासून सगळे पडदे वर. अमोनिया तर असतोच, त्यात डिझेलचा धूर. बंद शेडमध्ये हे मशीन चालवायचं नाही. संतोषला मास्क, चष्मा.

फ्लोटचा उपयोग आज कळला. बकेट सपाट टेकवायची, डावं पेडल पार पुढे अडकवायचं आणि सरळ जायचं. तुसाचा थर कोब्यावरून साल निघावी तसा निघाला, कोबा फारसा खरवडला नाही. फ्लोट न लावता बकेट दाबून धरली की पुढची चाकं हलकी होतात, मशीन दिशा सोडतं आणि कोब्याच्या कपच्या निघतात. दोन्ही करून पाहिलं, फरक डोळ्यांना दिसतो.

खांबांमधून वळणं अपेक्षेपेक्षा सोपं. उंची साडेसहा फुटांच्या आत असल्यामुळे केबिन कुठे अडत नाही, पण बूम वर करायची शेडच्या बाहेरच. तुळईचा पत्रा एकदा घासला गेला, तेव्हापासून दारावर लाल रिबन बांधली. रिबनच्या आत बूम गुडघ्याच्या खाली.

धूळ भयंकर. दुपारी तापमानाचा काटा चढला. मागचं झाकण उघडलं तर रेडिएटरवर तुसाची गोधडी. कॉम्प्रेसरने हवा मारली, एअर फिल्टर झटकला. मॅन्युअलमधल्या वेळापत्रकाला हे काम बांधील नाही. इथे दर जेवणाच्या सुट्टीत साफ करावं लागणार.

दिवसाअखेर एक शेड पूर्ण रिकामी, कोपरे सोडून. कोपऱ्यांना फावडंच. दोन माणसं पुरली.

२२ सप्टेंबर

आज घटस्थापना. नाना म्हणाले, खाद्याच्या गोण्याही याच्यानेच उचलू, फोर्क लावून. बकेट काढून फोर्क लावायला वेळ लागत नाही: पुढे दोन लिव्हर असतात, त्या खाली दाबल्या की दोन पाचरी खालच्या भोकांत बसतात. पाचरी भोकांतून आरपार दिसल्या पाहिजेत, नुसती लिव्हर खाली गेली म्हणून पुरत नाही. दर वेळी खाली वाकून बघायचं.

पण गोण्यांचं गणित घातलं. या मॉडेलची क्षमता सुमारे ५९० किलो. ही क्षमता म्हणजे मशीन पुढे कलंडेल त्या वजनाच्या निम्मं. निम्मं सोडलेलं असतं ते असंच नाही, खड्ड्यात चाक गेलं की तेच लागतं. ५० किलोच्या बारा गोण्या म्हणजे ६०० किलो, वर पॅलेट. शिवाय फोर्कवर वजन आणखी पुढे जातं, म्हणजे क्षमता उलट कमी. आठ गोण्यांवर तडजोड झाली. नानांना दहा हव्या होत्या.

२६ सप्टेंबर

मोहाडीच्या एका बागेत खत पोहोचवायला मशीन नेलं. ओळीत घालायचा विचारच केला नाही. मांडव खाली, आणि घसटत वळणारी चाकं मुळांवर चालवणं हा गुन्हा. बांधावर ढीग करून ट्रॉली भरून दिली.

तिथे उताराचा रस्ता. इथे नियम असा की जड टोक चढाकडे. रिकामी बकेट असेल तर मागची बाजू जड, म्हणून चढताना रिव्हर्समध्ये चढायचं आणि उतरताना सरळ. भरलेली असेल तर वजन पुढे येतं, म्हणून चढताना सरळ आणि उतरताना रिव्हर्स. उतारावर आडवं जायचंच नाही. ऐकायला उफराटं वाटतं. बागमालकाने विचारलंच, "तुमचा पोरगा उलटा का चालवतोय?" संतोषने रिव्हर्समधूनच उत्तर दिलं.

३ ऑक्टोबर

काल दसऱ्याला पूजा झाली, आज पाण्याने धुतलं. कोंबडखतात उभं राहिलेलं मशीन तसंच ठेवलं तर खत वायरींचे जोड आणि पत्रे खातं, म्हणून दर कामानंतर धुणं ठरलंय. जोडांवर ग्रीस. पॅनलवर पाण्याचा दाब नको.

दुसरी शेड सोमवारी. त्याआधी साखळीच्या पेटीतलं तेल बघायचं, सीट बारच्या चाचणीची तारीख आतल्या बाजूला खडूने लिहायची, आणि चाचांचे बुशचे उरलेले पैसे द्यायचे.